गुंगीचा शोध: होरेस वेल्सने स्वतःची दाढ काढून घेतली, त्याची गोष्ट

आजचा भाग दाढदुखीवाल्यांसाठी. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच.

अक्कलदाढ काढायची अपॉइंटमेंट मी तीन वेळा पुढे ढकलली होती. दोनदा मीटिंगचं कारण सांगितलं, तिसऱ्यांदा तर फोनच उचलला नाही. लहानपणी एका डॉक्टरांनी हिरडी नीट बधिर व्हायच्या आधीच पक्कड लावली होती, ती भीती काही केल्या जात नव्हती. शेवटी आताच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गॅस देऊ का? झोप नाही लागणार, फक्त भीती कमी होईल." हा गॅस म्हणजे काय, ते घरी येऊन वाचायला बसलो. रात्रीचे दोन वाजले!

तर गोष्ट अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावची. 10 डिसेंबर 1844 ची संध्याकाळ. गार्डनर कोल्टन नावाचा माणूस तिकीट लावून नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे लाफिंग गॅसचा खेळ करत होता. लोक स्टेजवर जायचे, गॅस हुंगायचे, नाचायचे, धडपडायचे आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. जत्रेतलाच प्रकार म्हणा ना. गंमत बघा, या वायूने दुखणं थांबतं आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असं हम्फ्री डेव्हीने 1800 मध्येच लिहून ठेवलं होतं. पण 44 वर्षं तो गॅस करमणुकीलाच वापरला गेला.

त्या संध्याकाळी सॅम्युएल कूली नावाचा तरुण गॅसच्या तारेत बाकांवर आपटला. पायातून रक्त येत होतं आणि त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या 29 वर्षांच्या दंतवैद्याने, होरेस वेल्सने, नेमकं तेच पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला आपल्या दवाखान्यात बोलावलं आणि खुर्चीवर कोण बसलं? तो स्वतः! कोल्टनने गॅस दिला, जॉन रिग्ज या सहकाऱ्याने वेल्सची दाढ उपटली. वेल्स शुद्धीवर आला तो खूश होऊन. पुढे त्याने बऱ्याच पेशंटांवर हा प्रयोग केला आणि पेटंट मात्र घेतलं नाही.

मग जानेवारी 1845 मध्ये तो बॉस्टनला गेला. वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. गॅसची पिशवी बहुधा लवकर काढली गेली. दात ओढताना पेशंट ओरडला आणि सगळा हॉल वेल्सची टर उडवू लागला. भोंदू ठरवलं त्याला. पुढे तो पेशंट म्हणाला की मला फारसं दुखलं नव्हतं. पण ते कोण ऐकतंय? दुखलं की नाही, हे ज्याचा दात त्याला विचारायचं सोडून बाकांवर बसलेल्यांनी ठरवलं. मला तर या सगळ्या प्रकरणात हेच जास्त लागलं.

पावणेदोन वर्षांनी, 16 ऑक्टोबर 1846 ला, त्याच शहरात वेल्सचा जुना भागीदार विल्यम मॉर्टनने ईथर वापरून यशस्वी प्रात्यक्षिक केलं. नाव त्याचं झालं, पेटंटही त्यानेच घेतलं. वेल्स खचत गेला. स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्याला त्याचं व्यसन लागलं. त्या अवस्थेत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याने बायकांवर आम्ल फेकलं आणि जानेवारी 1848 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, तुरुंगात स्वतःचं आयुष्य संपवलं. आम्ल फेकलं ते माफ करायचं म्हणून नाही सांगत, पण गोष्टीतून ते वगळताही येत नाही.

1863 मध्ये कोल्टनने गॅस पुन्हा दंतवैद्यांकडे नेला आणि या वेळी तो टिकला. 1864 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने शोधाचं श्रेय वेल्सला दिलं. पुढे 1868 मध्ये एडमंड अँड्र्यूजने त्यात ऑक्सिजन मिसळायची कल्पना मांडली. वेल्सच्या वेळी नुसता गॅस द्यायचे, त्यामुळे माणूस गुदमरायच्या बेतात यायचा. आता ऑक्सिजन सोबतच असतो, पेशंट जागा राहतो, बोललेलं कळतं, "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो. मात्र हिरडीत इंजेक्शन द्यावंच लागतं. गॅस भीती घालवतो, बधिर करायचं काम इंजेक्शनचं. मॅडमनी आधी विचारलं, सर्दी आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का. नाक चोंदलेलं असेल तर गॅस आत जाणार कुठून?

नाकावर छोटा मास्क लावला. दोनेक मिनिटांत हातपाय हलके झाले. पक्कड दिसली, कडकड आवाज आला, पण तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मॅडम मधेमधे विचारत होत्या, "दुखतंय का?" मी बोट हलवून नाही म्हणत होतो. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला आणि डोकं साफ झालं.

दाढ मागून घेतली. डबीत घालून टेबलावर ठेवलीय, हा भाग रेकॉर्ड करताना समोरच आहे.