धातूची मदार आधारावर

भारत स्टेज-६ हे धूरनिकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे येणारी नवी पेट्रोल मोटारसायकलही त्यांना अपवाद नाही. त्यासाठी तिच्या सायलेन्सरच्या मार्गात उत्प्रेरक परिवर्तक बसवलेला असतो. त्यातील पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे महागडे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निर्धोक वायूंत रूपांतर करतात. मात्र या कामाचे श्रेय आधारद्रव्यालाही द्यावे लागते.

अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावरच घडते. कणाच्या पोटातील धातू वाया जातो. म्हणून तो नॅनोमीटर आकाराच्या कणांत सच्छिद्र गॅमा ॲल्युमिनावर पसरवतात. या पांढऱ्या भुकटीच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ शंभर चौरस मीटरहून अधिक, म्हणजे ऐसपैस सदनिकेएवढे असू शकते. स्पार्क प्लगकडे दुर्लक्ष झाले, की न जळलेले पेट्रोल परिवर्तकातच पेटते. तापमान हजार अंश सेल्सियसपलीकडे गेल्यास ॲल्युमिनाची छिद्रे मिटतात आणि धातूचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. धातू तेवढाच राहतो, काम मात्र घटते. लँथॅनम मिसळल्यास ही पडझड लांबते.

ऱ्होडियमचे दुखणे निराळे. अतिउष्णतेत, ऑक्सिजन मुबलक असताना तो ॲल्युमिनातच शिरतो. म्हणून त्याला बहुधा झिर्कोनियम ऑक्साइडचा आधार देतात. सिरियम ऑक्साइड तर नुसती बैठक नव्हेच. ते ऑक्सिजन साठवते आणि टंचाईच्या क्षणी पुरवते.

सोने दीर्घकाळ उत्प्रेरक म्हणून निरुपयोगी मानले जाई. लोहाच्या ऑक्साइडसारख्या आधारावर सूक्ष्म कणांत बसवलेले तेच सोने शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करते, हे जपानचे मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले.