एक तारा आणि त्याची विसरलेली गोष्ट

मराठीला एकच शब्द दोनदा म्हणायची भारी हौस. हळूहळू, मधूनमधून, पुढेपुढे. व्याकरणात यांना पूर्णाभ्यस्त शब्द म्हणतात. एखाद्या कादंबरीभर मजकुरातून असे शब्द वेचायचे असतील, तर इथे अमेरिकेत माझ्या रोजच्या कामातलं हत्यार चालतं : रेग्युलर एक्सप्रेशन. नुसतं (.+)\1 लिहायचं. म्हणजे 'काही अक्षरं, आणि लगेच पुन्हा तीच'. काका-मामाही सापडतात, पण ते असो!

गंमत म्हणजे, या हत्याराचा जन्म मजकुरासाठी झालाच नाही. 1943 साली मॅककुलॉक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या चेतापेशींचं एक गणिती प्रारूप मांडलं. असं पेशींचं जाळं नेमकं काय काय ओळखू शकेल, हा प्रश्न 1951 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेत स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने हाताळला. उत्तरासाठी त्याला तीनच क्रिया पुरल्या : हे किंवा ते, एकामागून एक, आणि हवं तितक्यांदा पुन्हा. ही तिसरी क्रिया म्हणजे आजचा तारा, *.

1968 मध्ये बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सनने हे गणित मजकूर शोधायला जुंपलं. त्याची युक्ती साधी होती. जुळण्याच्या सगळ्या शक्य वाटांवरून एकाच वेळी एकेक अक्षर पुढे जायचं, मागे कधीच वळायचं नाही. त्यामुळे मजकूर दुप्पट झाला तर वेळही साधारण दुप्पट, जास्त नाही. पुढे युनिक्सच्या 'एड' संपादकातल्या एका आज्ञेवरून 'ग्रेप' हा प्रोग्रॅम निघाला, तो 1973 च्या चौथ्या आवृत्तीत आला.

पण क्लीनीच्या ताऱ्याला स्मरण नाही. 'पुन्हा कुठलंही अक्षर' त्याला कळतं, 'पुन्हा तेच' कळत नाही. आपलं \1 त्याच्या व्याख्येत बसतच नाही. ती सोय हवी म्हणून पर्लसारख्या भाषांनी दुसरा मार्ग धरला : एक वाट चालून बघा, फसली तर मागे या, दुसरी धरा. बहुतेक वेळा हे झटपट होतं. पण नमुना वाकडा असला की वाटा भसाभस वाढतात.

2 जुलै 2019 रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीने सुरक्षेचा एक नवा नियम जगभर लावला आणि तिचे सर्व्हर त्यातच अडकून पडले. असंख्य संकेतस्थळं सुमारे 27 मिनिटं कोलमडली. त्या नियमात \1 नव्हतं, होते ते लागोपाठ आलेले काही तारे. थॉम्प्सनच्या 1968 च्या पद्धतीला ते सहज पचले असते!

त्यानंतर कंपनीने वेळेची हमी देणारं इंजिन घ्यायचं ठरवलं. गूगलचं आरई2 असंच आहे, आणि त्यात \1 मिळत नाही. म्हणून 'हळूहळू' शोधायला मी माझ्या संगणकावर जुनंच इंजिन वापरतो. परक्याचा मजकूर आत येणार असेल तिथे मात्र थॉम्प्सनचाच रस्ता धरावा.