किल्ली पेटीतच राहिली तर?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर काही कामाचे दिसेपर्यंत थोडा वेळ जातो. त्या वेळात आत दर वेळी एक कोडे सुटत असते. संगणक चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. (बदाम फोडल्यावर आत निघणारा गर, हा त्या शब्दाचा अर्थ. लष्करातल्या कर्नलसाहेबांशी त्याचा संबंध नाही.) कोणत्याही डिस्कवरून माहिती उचलायची, तर त्या जातीच्या डिस्कशी बोलण्याची रीत कर्नेलला ठाऊक असावी लागते. ही रीत ज्या तुकड्यात लिहिलेली असते, तो ड्रायव्हर. आणि ड्रायव्हर ठेवलेला असतो कुठे? डिस्कवरच! पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावावे, तसा हा प्रकार.

सरळ उपाय असा, की किल्ली आधीच कर्नेलच्या खिशात घालून ठेवावी; म्हणजे ड्रायव्हर कर्नेलमध्येच शिवून टाकावा. पण डिस्क अनेक जातींच्या, अनेक कारखान्यांच्या. कोणकोणत्या किल्ल्या खिशात घालायच्या, आणि ते ठरवायचे कोणी? या प्रश्नाला गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांचा इतिहास आपण पाहू.

सुरुवात युनिक्सपासून करू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही प्रणाली घडवली. तिची सहावी आवृत्ती १९७५ साली निघाली आणि मूळ प्रोग्रामसह अनेक विद्यापीठांत पोचली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले शिक्षक जॉन लायन्स यांनी तिच्या कर्नेलच्या सुमारे ९००० ओळी विद्यार्थ्यांसाठी छापून घेतल्या आणि त्यांवर भाष्य लिहिले. (पुढच्या आवृत्तीपासून कंपनीने मूळ प्रोग्राम वर्गात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे पुस्तक मग वीसेक वर्षे झेरॉक्स प्रतींतून फिरत राहिले आणि १९९६ साली रीतसर प्रसिद्ध झाले. चांगल्या पाठ्यपुस्तकाचे आयुष्य असे दांडगे असते.)

या आवृत्तीत कर्नेलच्या आत एक तक्ता असे. प्रत्येक ओळ एका जातीच्या यंत्राची: उघडायचे कसे, बंद करायचे कसे, वाचन-लेखन करायचे कसे. ओळीचा क्रमांक हा यंत्राचा ‘मुख्य क्रमांक’. त्याच जातीची दोन-चार यंत्रे जोडलेली असतील, तर त्यांतले कोणते, हे सांगणारा ‘उपक्रमांक’. म्हणजे कर्नेलच्या लेखी कोणतीही डिस्क ही आकड्यांची एक जोडी. ही कल्पना इतकी टिकाऊ ठरली, की आजही लिनक्स संगणकावर ‘डेव्ह’ या फोल्डरची सविस्तर यादी मागवली, तर फाइलचा आकार लिहायच्या जागी यंत्रांपुढे स्वल्पविरामाने तोडलेले दोन आकडे दिसतात. शाळेत असा संगणक असेल, तर मुलांना हे जरूर दाखवावे.

तक्ता हाताने भरायचा नसे. ‘एमकेकॉन्फ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. त्याला आपल्याकडच्या यंत्रांची दोन-दोन अक्षरी नावे सांगायची: ‘आरके’ म्हणजे अमुक डिस्क, ‘टीएम’ म्हणजे चुंबकीय टेप. तो तक्ता लिहून देई, मग कर्नेल नव्याने जुळवायचा. त्या तक्त्याच्या फाइलीतले दोन आकडे आम्हांला फार बोलके वाटतात: ४००० आणि ८७२. आरके जातीच्या डिस्कवर २०३ वर्तुळपट्टे, प्रत्येकाला २ बाजू आणि बाजूवर १२ खंड, गुणाकार ४८७२. प्रत्येक खंड ५१२ बाइटांचा, म्हणजे सगळी डिस्क २४,९४,४६४ बाइटांची. त्यांपैकी पहिले ४००० खंड फाइलींना आणि उरलेले ८७२ खंड स्मृतीत न मावणारे प्रोग्राम तात्पुरते बाजूला ठेवायला. डिस्कचे मोजमाप असे थेट कर्नेलच्या अंगावर गोंदलेले असे. डिस्क बदलली, की गोंदण बदला!

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने व्हॅक्स संगणकासाठी १९८१ साली काढलेल्या आवृत्तीत एक पाऊल पुढे टाकले. तेथे यंत्रांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची आणि ‘अमुक डिस्क तमुक जागी’ असे सांगताना जागेऐवजी प्रश्नचिन्ह टाकले तरी चाले. प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘असेल तेथे शोधून घे’. सुरू होताना कर्नेल एकेक दार ठोठावून कोण घरात आहे ते पाही. निर्णयाचा काही भाग असा कर्नेल जुळवण्याच्या वेळेवरून संगणक सुरू होण्याच्या वेळेवर सरकला.

आता दहा वर्षे ओलांडून हेलसिंकीला जाऊ. तेथील विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या तरुणाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक छंद म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. तीत एटी जातीच्या हार्ड डिस्कशिवाय दुसरे काही बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढेच आहे, असेही त्याने मोकळेपणाने सांगितले. सप्टेंबरमध्ये बाहेर आलेल्या ०.०१ या आवृत्तीत दोनच डिस्कची वर्णने आहेत: एक लिनसची आणि एक त्याचा मित्र लार्स विर्झेनियस याची. मूळ फाइली कोठे शोधायच्या, हेही प्रोग्राममध्येच लिहिलेले. लिनसच्या नावापुढचा आकडा षोडशमान पद्धतीत ३०६. यातला ३ हा मुख्य क्रमांक, म्हणजे हार्ड डिस्क, आणि ०६ हा उपक्रमांक. त्या काळी एका डिस्कला पाच उपक्रमांक देत: एक सबंध डिस्कला, चार तिच्या चार भागांना. शून्यापासून मोजले तर सहा म्हणजे दुसऱ्या डिस्कचा पहिला भाग. ज्याला हा कर्नेल चालवून पाहायचा असेल, त्याने आधी हा आकडा खोडून स्वतःचा लिहायचा आणि सगळे पुन्हा जुळवायचे. लवकरच हा पत्ता कर्नेलच्या तयार प्रतीत ५०८ व्या स्थानापासूनच्या दोन बाइटांत ठेवण्याची सोय झाली; ते दोन बाइट बदलले, की काम भागे.

‘कधीच चालणार नाही’ हे भाकीत वर्षभरही टिकले नाही. १९९२ मध्येच ड्रू एकहार्ट यांनी स्कझी जातीच्या डिस्कसाठी आधार लिहिला. मग ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहून पाठवायचा, अशी रीतच पडली. पण सगळे ड्रायव्हर एका कर्नेलमध्ये घालावेत, तर ४ मेगाबाइट स्मृतीच्या संगणकात जागा कोणाला? कर्नेलने अडवलेली जागा इतर प्रोग्रामना मिळत नाही. म्हणून कर्नेल जुळवण्यापूर्वी प्रश्न विचारणारा प्रोग्राम आला. तो लिहिणारे रेमंड चेन पुढे मायक्रोसॉफ्टमधले नामांकित लेखक-प्रोग्रामर म्हणून ओळखले गेले, हा योगायोग गमतीचा आहे. साधी हार्ड डिस्क हवी का? जुन्या एक्सटी संगणकाची? स्कझी? एकेका प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’. मागे फिरायची सोय नाही. चुकले तर पहिल्यापासून.

चुकणे सोपे होते. स्कझीचेच पाहा. स्कझीचा सर्वसाधारण भाग हवा, शिवाय स्कझी ‘डिस्क’चा भाग हवा, शिवाय ज्या कार्डाला ती जोडली आहे त्या कंपनीच्या कार्डाचा ड्रायव्हर हवा, आणि डिस्कवरच्या फाइलींची मांडणी ज्या पद्धतीची, तिचीही माहिती हवी. साखळीच्या या चार कड्यांतील एक जरी गाळली, तरी ३८६ च्या यंत्रावर कित्येक तास जुळणी करून मिळालेला कर्नेल सुरू होई आणि ‘मूळ फाइली सापडत नाहीत’ असे सांगून तेथेच गारठे. या अवस्थेचे नावच ‘कर्नेल पॅनिक’.

येथे कोणीही हुशार विद्यार्थी विचारेल, की डिस्क वाचता येत नाही, तर मग कर्नेल स्वतः डिस्कवरून वर आला कसा? प्रश्न रास्त आहे. त्याला वर आणतो तो संगणकाच्या पाटीवरच्या चिपमधला बायोस हा जुजबी प्रोग्राम. त्याला डिस्कचे सुरुवातीचे काही खंड वाचण्यापुरती अक्षरओळख असते. कर्नेल एकदा स्मृतीत बसला, की तो बायोसची मदत सोडतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो. रखवालदाराने फाटक उघडून आत सोडले, पण घराची किल्ली ज्याची त्याने आणायची.

वितरण करणाऱ्यांचीही पंचाईतच होती. १९९३ साली सुरू झालेल्या स्लॅकवेअर या वितरणात एकाच फ्लॉपीऐवजी फ्लॉपींच्या प्रतींची रांगच असे: साध्या डिस्कसाठी वेगळी, स्कझीसाठी वेगळी. त्या काळचे सीडी ड्राइव्हही सोनी, मित्सुमी वगैरे कंपन्यांच्या आपापल्या जोडणीचे, म्हणून त्यांच्याही वेगळ्या. आपल्या देशात पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ साली वाचकांना लिनक्सची सीडी दिली. सीडी हातात येणे ही पहिली पायरी. कर्नेलने सीडी ड्राइव्ह ओळखणे ही दुसरी.

कोंडी फुटली ती दोन कल्पनांनी. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला तिसरे उत्तर आले: ‘मॉड्यूल’. ड्रायव्हर तयार करा, पण कर्नेलमध्ये शिवू नका; चालू कर्नेलला लागेल तेव्हा तो जोडता येईल. प्रिंटर, साउंड कार्ड यांच्यासाठी हे उत्तम. पण मूळ फाइली असलेल्या डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल केला, की किल्ली पुन्हा पेटीत! यावर वेर्नर आल्म्सबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी १९९६ मध्ये तोड काढली. बायोस कर्नेल वर आणतोच आहे, तर त्याच्याबरोबर एक लहानसे गाठोडेही आणू दे. कर्नेलने ते गाठोडे स्मृतीतच डिस्क समजून उघडावे, त्यातले योग्य मॉड्यूल काढावे, खऱ्या डिस्कचे कुलूप उघडावे आणि गाठोडे टाकून द्यावे. किल्ल्यांचा जुडगा रखवालदाराकडेच ठेवला म्हणा ना! नेहमीची लिनक्स वितरणे आजही याच वाटेने सुरू होतात.

यानंतर खरे तर सामान्य माणसाने प्रश्नोत्तरांच्या वाटेला जाण्याचे कारण उरले नाही. तरी २००२ च्या सुरुवातीला त्यावरून मोठा वाद झाला. एरिक रेमंड यांनी प्रश्नोत्तरांची नवी व्यवस्था लिहिली होती. ‘आंट टिली’ नावाच्या काल्पनिक बाईलाही आपला कर्नेल स्वतः जुळवता यावा, असे त्यांचे म्हणणे. (ही आंट मावशी, आत्या की काकू, हे इंग्रजीत कळायला मार्ग नाही.) तिला त्याची गरजच काय, असे इतरांचे. रेमंड यांची व्यवस्था मागे पडली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर रोमन झिपेल यांची स्वीकारली गेली. आम्हांला विचाराल, तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. गरज नसणे वेगळे आणि मुभा नसणे वेगळे. शाळेच्या कोपऱ्यात पडलेले जुने यंत्र पुन्हा उभे करायचे झाले, तर ही मुभाच उपयोगी पडते.

किल्ल्यांचा प्रश्न सुटला, तर नावांचा उभा राहिला. साध्या डिस्कला ‘एचडीए’ आणि स्कझी डिस्कला ‘एसडीए’ म्हणायची पद्धत होती. मुख्य क्रमांक अनुक्रमे ३ आणि ८. जेफ गार्झिक यांच्या नव्या ड्रायव्हर-संचात साध्या डिस्कही दुसऱ्या कुटुंबात गेल्या आणि २००७ च्या सुमारास अनेक वितरणांत एका रात्रीत एचडीएची एसडीए झाली. ज्यांच्या फाइलींत जुने नाव लिहिलेले होते, त्यांच्या यंत्रांना आपलीच डिस्क सापडेना. त्यात दोन डिस्क जोडलेल्या असतील, तर कोणती आधी सापडेल यावर नाव ठरे. पुसायची एक आणि पुसली दुसरीच, हा धोका खराच. म्हणून नावाऐवजी डिस्कच्या भागावरच लिहिलेला १२८ बिटांचा ओळखक्रमांक वापरायची पद्धत रूढ झाली. एचडीए हे नाव देणारे जुने ड्रायव्हर २०२१ साली ५.१४ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. त्या जातीच्या डिस्क मात्र नव्या संचाच्या आधाराने चालू शकतात.

आजच्या एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर २०१२ साली कर्नेलमध्ये आला. आजही कोणी हौसेने स्वतःचा कर्नेल जुळवला, त्याला ‘मॉड्यूल’ असे उत्तर दिले आणि गाठोडे बांधायचे राहिले, तर पडद्यावर तोच जुना पॅनिकचा निरोप येतो. त्यात न सापडलेल्या डिस्कची आकड्यांची जोडी बहुधा अशी छापलेली असते: ०,०. लिनक्समध्ये तिचा अर्थ ‘कोणतेच यंत्र नाही’. लायन्स यांनी छापलेल्या त्या ९००० ओळींतही मूळ डिस्कचा पत्ता म्हणून हीच जोडी आहे. तेथे तिचा अर्थ होता तक्त्यातली पहिली ओळ आणि तिच्यातले पहिले यंत्र, म्हणजे ४८७२ खंडांची ती आरके डिस्क.