कापलेलं नाक, जोडलेली अब्रू

नाक नीटस करून घेणाऱ्यांना आपण हसतो. पण या शस्त्रक्रियेचा उगम नटण्यात नाही. अब्रू गेली की मराठीत ‘नाक कापलं’ म्हणतात. एकेकाळी ते खरोखरच कापलं जाई.

१७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकानं त्याला नवं नाक दिलं. मेणाच्या पातळ पत्र्यानं माप घेतलं, ते कपाळावर आखलं आणि तेवढी कातडी सोडवली. रक्त वाहतं राहावं म्हणून भुवयांमधली पट्टी मात्र जोडलेलीच ठेवली. कातडी वळवून खाली बसवली, वर कातात भिजवलेलं फडकं ठेवलं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली.

ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत छापून आली. १८१४मध्ये तिथल्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यानं हीच रीत वापरली. कर्करोगानं नाक गमावलेल्यांना आजही कपाळाचीच कातडी उपयोगी पडते.

त्या वृत्तांतात रुग्णाचं नाव आहे. कारागिराची फक्त जात. शब्दांवर जगणाऱ्या मला ही रिकामी जागा बोचते. दुसऱ्याची अब्रू जोडणाऱ्याचं नाव लिहून ठेवायला काय लागलं असतं? एक ओळ.