बोटीवरचे अण्णा, घरातल्या बाया

१/ मार्च १९२९. सत्तर वर्षांचे एक निवृत्त गणित प्राध्यापक पुण्याहून इंग्लंडच्या प्रवासास निघाले. अंगकाठी किरकोळ, स्वभाव संकोची, वक्तृत्व बेताचे. बरोबर शिदोरी एवढीच : हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी काढलेल्या एका विद्यापीठाची हकीकत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या प्रवासांचा आणि त्या प्रवासांमागे उभ्या असलेल्या घराचा हा धागा.

२/ अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवलीचा. वाढले ते दापोलीजवळच्या मुरूडात. पहिला मोठा प्रवास पायी घडला. सतराव्या वर्षी एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यास चालत गेले. शंभराहून अधिक मैलांची ही वाट तुडवून पोहोचल्यावर, 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले.

३/ १८९१ मध्ये पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई जोशी यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, घरच्यांच्या 'बाया'. मुरूडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार टाकला. पुढे जग पाहिलेल्या या माणसाला तेव्हा स्वतःच्या गावातील स्वतःचे घर बंद झाले होते.

४/ १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावरील झोपडीत गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवायचे आणि मग हिंगण्याची वाट पायी धरायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. आश्रमावरचा लोकांचा विश्वास ढळू नये म्हणून अण्णा विधवाविवाहाच्या चळवळीपासूनही अलिप्त झाले. एका वेळी एकच ध्येय, हे त्यांचे बळ होते. घराला त्याचीच झळ लागली.

५/ साठवलेले एक हजार रुपये संस्थेला गेले. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्याच नावे झाली. घरात वाढती मुले : रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. पतीच्या पश्चात संसाराचे काय, हा प्रश्न ज्या बाईला पडला, तिने वैधव्याचे चटके स्वतः सोसलेले होते. विधवांच्या आधारासाठी झटणाऱ्या पुरुषाच्या पत्नीलाच ही चिंता करावी लागावी, यातील विसंगती बायांना पुरती कळत होती.

६/ म्हणून बाया नुसत्या सहन करीत बसल्या असे मात्र नाही. आश्रमासाठी त्यांनीही दारोदार वर्गणी गोळा केली. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माझे पुराण'मध्ये त्यांनी या संसाराची हकीकत आडपडदा न ठेवता सांगितली आहे. तिच्यात पतीविषयी आदर आहे, तक्रारही आहे. दोन्ही खरे आहेत.

७/ आता पुन्हा प्रवासाकडे. जपानमधील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली होती. १९१५ च्या अखेरीस सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून मुंबईत बोलताना त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते पुण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनींसह सुरू झाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्यास त्यांच्या मातुःश्रींचे नाव मिळाले. तेच आजचे एस.एन.डी.टी.

८/ १९२९ च्या दौऱ्यात अण्णा इंग्लंडमध्ये बोलले, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत बोलले, डेन्मार्कमधील एल्सिनोरच्या संमेलनास गेले. मग काही महिने अमेरिकेत हिंडले. परतताना तोक्योतील महिला विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते मायदेशी आले.

९/ आठ महिने उलटतात न उलटतात तोच, डिसेंबर १९३० मध्ये ते आफ्रिकेस निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा हा सुमारे पंधरा महिन्यांचा दौरा. केनियात तर घरचाच माणूस होता : चिरंजीव शंकर मोंबासा येथे डॉक्टर होते.

१०/ मुलांनीही आपापल्या वाटा धरल्या. रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. त्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडावी लागली, 'समाजस्वास्थ्य'वर खटले झाले. दिनकररावांनी पत्नी इरावतीबाईंना उच्च शिक्षणासाठी जर्मनीस धाडायचे ठरविले, तेव्हा विरोध केला तो अण्णांनीच! स्त्रीशिक्षणाच्या या महर्षींचा सल्ला न जुमानता सून बर्लिनला गेली आणि पुढे थोर मानववंशशास्त्रज्ञ झाली.

११/ सासऱ्यांवर सर्वांत भेदक लेखन केले तेही याच सुनेने. अशा पुरुषाची सून होणे आणि पत्नी होणे यांत केवढे अंतर आहे, हे इरावतीबाईंनी निःसंकोच मांडले. त्यात द्वेषाचा लवलेश नाही. घरातून पाहिलेल्या माणसाचे ते चित्र आहे.

१२/ दीर्घायुष्याचे एक देणे असते : आपल्यामागे राहतील असे वाटलेल्यांना निरोप देणे. बाया १९५० मध्ये गेल्या, रघुनाथराव १९५३ मध्ये. १९५८ मध्ये शंभरी भरली, 'भारतरत्न' मिळाले, हयातीतच टपाल तिकीट निघाले. बहिष्कार पाहिलेल्या डोळ्यांनी हा गौरव पाहिला. तो पाहायला सोबतीण मात्र नव्हती. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी अण्णा निवर्तले.

१३/ पुण्यात आज कर्वे रस्ता आहे, हिंगण्याचे कर्वेनगर झाले आहे. त्या रस्त्याने जाताना अण्णांच्या पायपिटीची आठवण जरूर ठेवावी. पण त्यांचे 'आत्मवृत्त' वाचाल तेव्हा शेजारी 'माझे पुराण'ही उघडा. संस्थेच्या देणगीदारांच्या यादीत ज्यांचे नाव सर्वांत वर असायला हवे होते, त्यांची ओळख त्या दुसऱ्या पुस्तकात होते.