उपदेशाकडून समुपदेशनाकडे



आजचा विषय तरुण मुलांच्या मनाचा आणि समुपदेशनाचा. आता मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही इकडे कुठे? त्याचं उत्तर बोलता बोलता येईलच. सुरुवात एका शब्दापासून करू. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे, बघा. आणि गेल्या शंभरेक वर्षांतला समुपदेशनाचा इतिहास बघितला, तर तो उपदेशापासून हळूहळू दूर जाण्याचा इतिहास आहे. शब्द मात्र आपण तोच ठेवला.

आधी माझीच एक चूक सांगतो. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर दाराशी घुटमळत होता. म्हणाला, "सर, अभ्यासात मन लागत नाही. कशातच लागत नाही." मी त्याला बसवलं आणि पाऊण तास स्थितप्रज्ञाची लक्षणं समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकलं, नमस्कार केला आणि गेला. पुन्हा आला नाही. पुढच्या वर्षी हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. तो कुठे राहतो, जेवतो कुठे, झोप लागते का, यातलं मी काहीसुद्धा विचारलं नव्हतं.

गंमत अशी की मी गीता सांगितली, पण गीता नीट वाचली नव्हती. पहिला अध्याय जवळजवळ सगळा दुसऱ्यांच्या बोलण्यानं भरलेला आहे. अर्जुन हातपाय गळाल्याचं सांगतो, तोंडाला कोरड पडल्याचं सांगतो, आणि कृष्ण ऐकून घेतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला झापतो, हे काय बायल्यासारखं चालवलंयस म्हणतो. त्या झापण्याचा काही उपयोग होत नाही. अर्जुन पुन्हा आपली अडचण मांडतो आणि स्वतः होऊन म्हणतो, मला शिकव. त्यानंतर उपदेश सुरू होतो. आणि अठराव्या अध्यायात शेवटी काय? सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. आम्ही मास्तर लोक मधलं तेवढं उचलतो. आधीचं ऐकणं आणि शेवटचं मोकळं सोडणं, ही दोन्ही टोकं गाळतो.

आता इतिहासाकडे येऊ. पहिला माणूस आपल्याच मातीतला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांची नोकरी गेली. जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लैंगिक शिक्षण आणि संततिनियमन यांसाठी ते ओळखलं जातं, पण मला आज त्यातल्या प्रश्नोत्तरांबद्दल बोलायचंय. वाचक पत्र लिहून आपली शंका विचारत आणि कर्वे उत्तर देत. हस्तमैथुनानं माणूस खंगतो का, अशी भीती उराशी धरून किती तरुण रात्री काढत असतील, विचार करा. वडिलांना विचारायची सोय नाही, मास्तरांना नाही, देवळात तर नाहीच. कर्वे सरळ, शास्त्राला धरून, न रागावता सांगत.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला नको का, आणि विकृती असेलच तर ती ज्ञानानंच जाईल ना, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र चालू राहिलं, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत. ते गेले १४ ऑक्टोबर १९५३ रोजी.

ही तारीख लक्षात ठेवा, कारण त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २ नोव्हेंबर १९५३ला, लंडनमध्ये एक टेलिफोन सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण प्रश्न एकच होता. चॅड व्हारा नावाचे एक धर्मगुरू होते. १९३५ साली, नुकतेच कामाला लागलेले असताना, त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा दफनविधी करावा लागला. तिला पाळी आली होती. आपल्याला गुप्तरोग झाला, असं तिला वाटलं. विचारायला कोणी नव्हतं, आणि तिनं जीव दिला. मंडळी, एका वाक्याच्या माहितीनं ती मुलगी वाचली असती.

अठरा वर्षांनी व्हारांनी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये निराश माणसांसाठी फोन ठेवला. तीच 'समॅरिटन्स' संस्थेची सुरुवात. भेटायला येणाऱ्यांची गर्दी व्हायला लागली. वाट बघत बसलेल्यांना चहा द्यायला, जरा सोबत करायला काही स्वयंसेवक होते. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की बरीच माणसं या चहावाल्यांशीच बोलतात, हलकी होतात आणि आपल्याला न भेटताच घरी जातात. अहंकारी माणूस असता तर त्यानं स्वयंसेवकांना गप्प बसवलं असतं. यांनी १९५४च्या सुरुवातीला ऐकण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवलं.

हाच शोध अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांना वेगळ्या वाटेनं लागला होता. १९२८पासून बारा वर्षं ते रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. एका वांड मुलाची आई त्यांच्याकडे येई. मुलाला आईनं मनातून नाकारलंय, असं रॉजर्सनी निदान केलं आणि ते तिला समजावत राहिले. काही केल्या जमेना. शेवटी दोघांनीही थांबायचं ठरवलं. ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिनं विचारलं, इथे मोठ्या माणसांना सल्ला देता का? परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचं दुःख बोलायला लागली. रॉजर्स फक्त ऐकत राहिले. पुढे तिचं बरं चाललं आणि मुलगाही सुधारला. दुखतंय कुठे हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असतं, ही गाठ त्यांनी मनाशी बांधली. १९४२ साली त्यांचं समुपदेशनावरचं पुस्तक आलं. समोरच्याला 'रुग्ण' म्हणणंही त्यांनी सोडून दिलं.

पण नुसतं ऐकून भागतं का? इथे माझं तत्त्वज्ञान येतं. अल्बर्ट एलिस हा न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. त्यानं ठरवलं, महिनाभर बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली प्रत्येक मुलगी दिसली की तिच्याशी बोलायचं. एकशे तीस जणींच्या शेजारी जाऊन बसला. तीस उठून गेल्या. शंभर जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही! पण भीती गेली. नकारानं आकाश कोसळत नाही, हे त्याला कळलं.

१९५५मध्ये त्यानं आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचं मूळ तो उघडपणे एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाकडे नेतो. एपिक्टेटस जन्मानं गुलाम. त्याचं म्हणणं असं, की घटना माणसाला अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत करतं. "मी नापास झालो" ही घटना. "मी नापास होताच कामा नये, झालो तर माझी किंमत शून्य" हा हट्ट. समुपदेशक त्या हट्टाला प्रश्न विचारायला शिकवतो. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी माणसांपर्यंत आणला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारानं १९९०मध्ये सुरू झालेल्या 'आयपीएच' या संस्थेच्या कामातही तो रुजला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुलामाचं तत्त्वज्ञान आज आपल्याकडच्या मुलांच्या उपयोगी पडतंय.

मात्र एक धोका सांगायलाच हवा. "तुझ्या विचारांतच चूक आहे" असं घाईनं म्हणणं हा नव्या कपड्यातला उपदेशच. एखाद्या मुलाला वसतिगृहात जातीवरून टोमणे बसत असतील, घरी कर्ज असेल, डिग्री घेऊन चार वर्षं नोकरी नसेल, तर त्याचं दुःख हट्टातून आलेलं नाही. तिथे मुलाची समजूत घालायची नसते, टोमणे मारणाऱ्याला थांबवायचं असतं. आणि आजारच असेल तर डॉक्टर हवा, औषध हवं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. कर्व्यांनी प्रश्न विचारायची जागा करून दिली. व्हारा आणि रॉजर्स यांनी ऐकायला शिकवलं. एलिसनं स्वतःच्या विचाराची तपासणी शिकवली. आधीच्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारली, की माझ्या त्या विद्यार्थ्याचं झालं तसं होतं.

कायदाही याच दिशेनं थोडा सरकलाय. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस आपल्याकडे आधी गुन्हेगार ठरायचा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला आणि त्याची काळजी घ्यायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, नंबर १४४१६. लिहून घ्या आणि घरात मुलांना दिसेल असा लावा.

आणि उद्या घरातलं कोणी दाराशी घुटमळलं, तर गीता नंतर सांगा. आधी खुर्ची पुढे करा, "काय झालं रे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं. मला ते साठीनंतर जमायला लागलं.

इथे थांबतो. आता तुम्ही बोला.