गणवेशावरील कापडी चिन्ह

गणवेशावरील कापडी चिन्ह किंवा पॅच म्हणजे सैनिक, पोलीस, छात्र अथवा सुरक्षारक्षक यांच्या बाहीवर, खिशावर किंवा टोपीवर लावला जाणारा ओळखदर्शक तुकडा होय. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड आणि आठव्या डिव्हिजनची क्लोव्हरची पाने ही बाहीवरील चिन्हे प्रसिद्ध होती. १९४५ मध्ये इटलीतील लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव यांची मराठा पलटण याच आठव्या डिव्हिजनमध्ये होती.

निर्मितीतंत्राची निवड

सर्वाधिक प्रचलित तंत्र यंत्रावरील भरतकामाचे आहे. त्यासाठी नक्षीचे संगणकावर टाक्यांत रूपांतर करावे लागते. हा खर्च एकदाच येतो. उठावदार पोत आणि टिकाऊपणा हे त्याचे गुण असले, तरी दोऱ्याच्या जाडीमुळे साधारण पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरे गिचमीड होतात. देवनागरीत ही अडचण विशेष जाणवते, कारण शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरे एवढ्याच उंचीत बसवावी लागतात. महाराष्ट्र पोलिसांचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीदवाक्य अरुंद गोलाकार पट्टीत भरल्यास ‘द्र’ आणि ‘क्ष’ यांतील पोकळ्या बुजतात. अशा मजकुरासाठी विणलेले चिन्ह अधिक योग्य ठरते. त्यात बारीक धाग्यांनी अक्षरे कापडातच विणली जातात. मात्र पृष्ठभाग सपाट राहतो.

छायाचित्रासारख्या छटा हव्या असल्यास उष्णतेने छपाई करतात. या पद्धतीतील रंग पॉलिस्टरमध्येच मुरतो, त्यामुळे सुती खाकीवर ती उपयोगी नाही. रबरी चिन्हे पाणी व चिखल सहन करतात. पण साच्याचा खर्च मोठा असल्याने थोड्या नगांसाठी परवडत नाहीत. समारंभाच्या कोटावरील जरीचे हस्तकाम देखणे असते, परंतु ते धुता येत नाही आणि दमट हवेत काळवंडते.

कडा व पाठ

जाड दोऱ्याने गुंफलेली कड गोल किंवा ढालीसारख्या साध्या आकारांवरच नीट बसते. टोकदार आकार उष्णतेने कापावे लागतात. इस्त्रीने चिकटवलेले चिन्ह वारंवार गरम पाण्यात धुतल्यास सुटू लागते. रोजच्या गणवेशासाठी शिवणच भरवशाची. युद्धगणवेशावर वेल्क्रो सोयीचा असतो. त्याची आकड्यांची बाजू चिन्हाला आणि मऊ बाजू बाहीला लावण्याचा प्रघात आहे.

कायदेशीर बाजू

‘सैनिकी शैली’ आणि प्रत्यक्ष सैन्याचे चिन्ह यांतील भेद महत्त्वाचा आहे. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा त्यासारखे चिन्ह धारण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावर लष्करी गणवेशातील हल्लेखोरांनी हल्ला केल्यानंतर सैन्याने नागरिकांना असे कपडे न वापरण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले होते.